स्टीलचा डबल-वॉल फ्रेंच प्रेस घेताना काय पाहावं?

गाळणी

काचेचा फ्रेंच प्रेस (कॉफीची पूड गरम पाण्यात मुरवून जाळीच्या दट्ट्याने खाली दाबायचं भांडं) फुटला की "आता स्टीलचाच घ्या" असा सल्ला हमखास मिळतो, पण स्टीलचा म्हणजे कुठला, हे कुणी सांगत नाही. दुकानात आणि ऑनलाइन दोन्हीकडे "डबल वॉल" या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकीत दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते, म्हणजे खरं निर्वात भांडं. दुसरीत भिंती दोन असतात, पण मधे साधी हवाच. दुसरं भांडं हाताला चटका देत नाही इतकंच; उष्णता धरण्यात ते पहिल्याच्या जवळपासही येत नाही. वर्णनात "व्हॅक्यूम" हा शब्द स्पष्ट नसेल, तर हवाच आहे असं धरून चाला.

घरी आल्यावर तपासायची रीत सोपी आहे. उकळतं पाणी काठोकाठ भरा, झाकण लावा आणि पाच मिनिटांनी बाहेरच्या भिंतीच्या मध्यावर आणि तळाजवळ तळहात टेकवा. निर्वात भांडं खोलीइतकंच थंड लागतं. फक्त वरच्या काठाचा बोटभर पट्टा गरम होतो, कारण तिथे आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना जोडलेली असते. मध्यावरही कोमट लागलं तर एकतर आत हवा आहे, नाहीतर निर्वात गेलेला आहे. काही झालं तरी परत करा.

आता माझं मुख्य म्हणणं. लोक भिंतीवर पैसे खर्च करतात आणि जाळीकडे बघत नाहीत. कप चांगला की गाळाने भरलेला, हे जाळी भिंतीला किती घट्ट आणि सारखी बसते यावर ठरतं. इन्सुलेशनचा उपयोग कॉफी चार मिनिटं नीट मुरण्यापुरता. तासभर गरम ठेवायला प्रेस घेत असाल तर चुकीची वस्तू घेताय.

बशी

शेवटच्या वाक्याशी असहमत. निम्मे लोक "दुसरा कप गरम मिळावा" म्हणूनच स्टीलचा घेतात. ते चुकीचं कसं?

गाळणी

दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे तोंड. साध्या फ्लास्कचं तोंड पाचेक सेंटीमीटरचं असतं आणि त्यावर जाड बूच. एक लिटरच्या प्रेसचं तोंड दहा सेंटीमीटरच्या आसपास. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, आणि वर बहुतेक वेळा पत्र्याचं एकेरी झाकण, त्यात दांड्याचं भोक आणि तोटीची फट. भिंत कितीही चांगली असली तरी वाफ वरून जाते.

दुसरं कारण चवीचं. दट्ट्या खाली नेला म्हणजे कॉफी पाण्यापासून वेगळी झाली, असं नसतं. जाळीखाली पूड त्याच पाण्यात भिजत पडलेली असते आणि जाळीतून पाणी इकडेतिकडे होतच राहतं. काचेच्या प्रेसमध्ये पाणी लवकर निवतं, त्यामुळे अर्क उतरणं मंदावतं. निर्वात भांड्यात ते गरमच राहतं, म्हणून दुसरा कप पहिल्यापेक्षा कडू आणि तुरट लागतो. गंमत अशी की भांडं जितकं चांगलं, तितका हा त्रास जास्त. तेव्हा मुरली की सगळी कॉफी ओतून घ्या. उरलेली साध्या फ्लास्कमध्ये. तो आधी गरम पाण्याने विसळून घेतलेला असावा.

चिकोरीविरोधक

+१. फक्त एक अपवाद: एस्प्रो पी७ हा प्रेस. त्याला सपाट जाळीऐवजी एकात एक बसणाऱ्या दोन बारीक जाळीच्या टोपल्या असतात आणि कडेला भिंतीला टेकणारी लवचीक पट्टी. दाबल्यावर पूड खाली बरीचशी बंदिस्त होते, गाळही खूप कमी येतो. मात्र टोपल्यांचा सांगाडा प्लॅस्टिकचा आहे. "प्लॅस्टिक नको म्हणून स्टील" असा हिशोब असेल तर फ्रीलिंग कंपनीच्या प्रेससारखी पूर्ण स्टीलची घडण बघा. तिथे जाळी नेहमीसारखी सपाट आहे, पण कड चांगली बसते.

धातुवेडा

स्टीलबद्दल थोडं, कारण लोहचुंबक लावून "अस्सल ३०४" ठरवणारे व्हिडिओ फार झालेत.

३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, म्हणून त्याला १८/८ म्हणतात. ते चुंबकाला सहसा चिकटत नाही. पण स्वस्तातलं २०१ सुद्धा चिकटत नाही! त्यात निकेल कमी करून मँगॅनीज वाढवलेलं असतं आणि गंजाला ते लवकर बळी पडतं. म्हणजे चुंबकाने फक्त ४३० सारखं निकेल नसलेलं स्टील ओळखता येईल. २०१ आणि ३०४ मधला फरक कळणार नाही. उलट अस्सल ३०४ सुद्धा जिथे दाबून वाकवलंय तिथे, म्हणजे काठाला आणि तोटीला, किंचित चिकटतं. तेवढ्यावरून वस्तू नाकारू नका.

गंज पहिल्यांदा भांड्याला लागत नाही, तो दांड्याच्या खालच्या आट्यांना आणि तिथल्या नटाला लागतो. स्वस्त प्रेसमध्ये भांडं बरं आणि दांडा मुलामा दिलेल्या साध्या लोखंडाचा, असा प्रकार असतो. दुकानात दट्ट्या पूर्ण उघडून आटे बघा. आटे काळपट-पिवळट असले किंवा बोटाला खरखरीत लागले तर पुढे चला. कान भांड्याला जिथे डाग देऊन जोडलाय ती जागाही बघा. तिथे निळसर-तपकिरी डाग राहिलेला असेल तर वेल्डिंगनंतर साफसफाई झालेली नाही, गंज तिथूनच सुरू होतो.

आणखी एक. निर्वात भांड्याच्या तळाला हवा काढून बंद केलेली जागा असते, बहुधा चकतीखाली झाकलेली. भांडं तळावर आपटलं, पोचा पडला, की निर्वात जाऊ शकतो. तो दुरुस्त होत नाही.

उंटावरचा_शहाणा

थंड झालेली कॉफी याच भांड्यात गॅसवर गरम केली तर?

धातुवेडा

अजिबात नको. गॅस नाही, इंडक्शन नाही, मायक्रोवेव्ह तर नाहीच. दोन भिंतींचं बंद भांडं तापवलं की बाहेरची भिंत फुगते किंवा जोड सुटतो. हवेची पोकळी असलेलं भांडं तर अधिकच धोक्याचं, कारण आत अडकलेली हवा तापून प्रसरण पावते. पाणी वेगळ्या भांड्यात उकळा.

म्युनिककर

आकारमानाबद्दल कुणी बोललं नाही. पेटीवर "८ कप" लिहिलेलं असतं ते एक लिटरचं भांडं, म्हणजे कप सव्वाशे मिलीचा. "३ कप" म्हणजे साडेतीनशे मिली, तो एकाच माणसाचा. आपल्या घरातल्या मगांच्या हिशोबाने आकडे असे पडतात:

एक लिटरच्या भांड्यात एक लिटर पाणी मावत नाही. वर फेस चढतो, जाळीला जागा लागते, म्हणून ८५० मिलीच्या पुढे जाऊ नये. लिटरला ६० ग्रॅम या प्रमाणाने त्याला ५१ ग्रॅम पूड लागते. पूड स्वतःच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास पाणी धरून ठेवते, म्हणजे शंभरेक मिली गेलं. तळाचं शेवटचं पन्नास मिली गाळाचं, ते ओतायचं नाही. हातात आली ७०० मिली. दोनशे मिलीचे साडेतीन मग.

दोघांसाठी अर्ध्या ते पाऊण लिटरमधला प्रेस बरोबर पडतो. "पाहुण्यांना होईल" म्हणून लिटरचा घेऊन त्यात रोज ३०० मिली करणं वाईट. जाळी तळापासून दोन-अडीच सेंटीमीटर वर थांबते. दहा सेंटीमीटर व्यासाला म्हणजे जवळपास दोनशे मिली जाळीच्या खालीच. पूड दबत नाही, नुसती पोहत राहते, आणि अर्धं रिकामं भांडं निवतंही लवकर.

बशी

पटलं. पण स्टीलच्या आत दिसत नाही, मग ८५० मिली ओतलं हे कळणार कसं? फेस किती चढला, जाळी तिरकी गेली का, काहीच दिसत नाही.

म्युनिककर

वजनकाटा. भांडं काट्यावर, शून्य करा, पूड घाला, परत शून्य, पाणी ओता. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिली. मात्र भांड्याचं वजन आधी विचारा. लिटरचं निर्वात भांडं सहज किलोच्या आसपास जातं, वर पाणी, म्हणजे दोन किलोपर्यंतचाच स्वयंपाकघरातला काटा जेमतेम पुरतो. पाच किलोचा असावा. काही भांड्यांना आत खुणा कोरलेल्या असतात, असल्या तर उत्तमच.

गाळणी

जाळी तिरकी गेली हे हाताला कळतं. एका बाजूला अडतं आणि दुसरीकडे सैल लागतं. जोर लावू नका. दोन सेंटीमीटर वर घ्या, दांडा सरळ करा, पुन्हा हलके खाली. दाबायला पूर्ण हाताचा जोर लागत असेल तर दळण फार बारीक आहे. तेव्हा हट्टाने दाबलं तर कडेने उकळती कॉफी उसळून हातावर येते. असं झालं तर थांबा, मिनिटभर पूड बसू द्या. उलटपक्षी दट्ट्या नुसत्या वजनाने सुळकन खाली गेला तर एकतर दळण फार जाड आहे, नाहीतर जाळी सैल.

जाळी सैल आहे का, हे वस्तू परत करायची मुदत संपायच्या आत बघून घ्या. भांड्यात थंड पाणी आणि दोन चमचे राजगिरा टाका, ढवळून दाणे बुडू द्या, मग दट्ट्या सावकाश खाली न्या. राजगिऱ्याचा दाणा मिलीमीटरभराचा असतो. पाच-सहा दाणे वर आले तर चालेल, चमचाभर आले तर कडेला मिलीमीटरहून मोठी फट आहे. दट्ट्या पाव फेरा फिरवून हीच चाचणी पुन्हा करा. एकाच बाजूने दाणे येत असतील तर भांडंच पूर्ण गोल नाही किंवा आत उभा जोड उंच राहिलाय. त्याला नवी जाळी लावूनही उपयोग नाही.

पाऊणकप

वाचनखूण साठवली! आता दळणाचंही कुणीतरी नीट लिहा. पाकिटातली फिल्टर कॉफीची पूड चालेल ना?

चिकोरीविरोधक

नाव वाचूनच उत्तराची कल्पना आली असेल. :)

नाही चालणार, आणि त्याची कारणं चवीच्या आवडीनिवडीपलीकडची आहेत. दाक्षिणात्य फिल्टरसाठीची पूड बारीक असते, ती जाळीतून आरपार येते. शिवाय चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड. आपल्याकडे मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा नियम आहे, म्हणून ५३:४७ लिहिलेली पाकिटं सर्रास दिसतात. चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा भराभर विरघळते. थेंबाथेंबाने गळणाऱ्या पितळी फिल्टरमध्ये दाट डिकॉक्शनसाठी ती बरोबर काम करते. चार मिनिटं भरपूर पाण्यात पूर्ण भिजवली की मात्र काळं, गोडसर-कडू पाणी होतं आणि तळाशी बुळबुळीत चिखल, ज्याने जाळी चोंदते.

निव्वळ कॉफी घ्या. "प्लँटेशन ए" किंवा "एए" म्हणजे धुऊन प्रक्रिया केलेली अरेबिका, मध्यम भाजणी. आंबटपणा नको असेल तर मॉन्सून्ड मलबार. ती प्रेसमध्ये भरीव उतरते आणि दुधालाही दबत नाही. भाजून आठवडा ते महिना झालेली चांगली. अगदी काल भाजलेली असेल तर फेस इतका चढतो की ८५० मिलीचंही जमत नाही, ७५० वर थांबा.

दळण जाड रव्याएवढं, लापशी रव्याच्या अलीकडे. हाती फिरवायचा बर ग्राइंडर (पात्याऐवजी दोन दातेरी भागांमधे दाणे भरडणारा) असेल तर प्रश्न नाही. मिक्सरच असेल तर चटणीच्या भांड्यात पन्नासेक ग्रॅमच घ्या, एकेक सेकंदाचे झटके द्या, मधे भांडं हलवा. नंतर मैद्याच्या चाळणीने भुकटी चाळून काढा. चाळून किती भुकटी निघाली ते बघाच. हीच तळाचा चिखल आणि घशाशी येणारा कडूपणा. वजन चाळल्यानंतरच्या पुडीचं धरा.

उंटावरचा_शहाणा

भांडं आधी गरम करून घ्यावं लागतं का? काही लोक तर दोनदा उकळतं पाणी भरून ओततात.

धातुवेडा

गणित करू. लिटरच्या भांड्याची आतली भिंत दोनशे ग्रॅम धरा. स्टीलची उष्णताधारणा पाण्याच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे ती भिंत फक्त २५ ग्रॅम पाण्याइतकी उष्णता खाते. ८५० मिली पाण्यात तापमान दोन अंशांनी उतरेल. पूडही खोलीच्याच तापमानाची असते, तीही साधारण तेवढंच उतरवते. लहान, साडेतीनशे मिलीच्या भांड्यात भिंतीमुळे अडीच-तीन अंश जातात. तेव्हा लहान भांडं विसळून घ्या, मोठ्याला नाही विसळलं तरी आकाश कोसळत नाही. दोनदा वगैरे तर वेळ आणि गॅस दोन्ही फुकट.

खरी बचत पुढे होते. उघड्या काचेच्या भांड्यात चार मिनिटांत आठ-दहा अंश सहज जातात, निर्वात भांड्यात सुरुवातीच्या घटीनंतर फारसं हलत नाही.

पाणी "उकळून तीस सेकंद थांबा" हा सल्लाही आपल्या उंचीनुसार घ्यावा. पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. डोंगरात राहणाऱ्याने थांबून काय मिळणार? मध्यम भाजणीला उकळतंच घाला. फार काळी भाजलेली कॉफी असेल तर मिनिटभर थांबा.

गाळणी

कृती एकदा सलग लिहितो, ८५० मिलीची. ५१ ग्रॅम पूड. घड्याळ सुरू करून दीडशे मिली उकळतं पाणी सगळी पूड भिजेल असं फिरवत ओता. तीस सेकंदांनी उरलेलं सातशे. झाकण ठेवा, पण दट्ट्या वरच. चार मिनिटांनी झाकण काढून लाकडी चमच्याने वरची साय मोडा, तीनदा ढवळा, तरंगणारा फेस दोन चमच्यांनी काढून टाका. आता दोन वाटा आहेत. घाई असेल तर दट्ट्या वीसेक सेकंदांत संथ खाली न्या आणि ओता. वेळ असेल तर आणखी पाच मिनिटं झाकून ठेवा, भुकटी आपोआप तळाला बसते. मग जाळी कॉफीच्या पातळीखाली जेमतेम बुडेल इतकीच खाली घ्या आणि न दाबता हलक्या हाताने ओता. ही दुसरी वाट काचेतही जमते, पण नऊ मिनिटांत कॉफी बरीच निवते. निर्वात स्टीलचा खरा फायदा मला विचाराल तर हाच.

बशी

हे आवडलं. म्हणजे गरम ठेवायला घ्यायचाच, फक्त नऊ मिनिटांसाठी. आणि दूध घालणाऱ्यांनी?

चिकोरीविरोधक

८५० मिलीला ७० ग्रॅम पूड, दूध वेगळं गरम करून कपात. दुधातच पूड मुरवू नका. स्निग्धांश जाळीच्या थरांत अडकतो आणि दुसऱ्या दिवशी वास मारतो.

कोलेस्टेरॉल जास्त असणाऱ्यांसाठी एक गोष्ट: धातूच्या जाळीतून कॉफीतलं तेल कपात उतरतं आणि त्यातल्या कॅफेस्टॉलने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. कागदी गाळणीत ते अडकतं. रोज तीन-चार कप पिणाऱ्याने प्रेसमधून ओतताना कपावर कागदी फिल्टर धरावा. चव हलकी होते, पण प्रेसही वाया जात नाही.

पाऊणकप

यात कोल्ड ब्रू, म्हणजे गार पाण्यात तासन् तास मुरवलेली कॉफी, होईल? भांडं फ्रिजमध्ये ठेवून?

म्युनिककर

होईल, पण निर्वात भांड्यात नळाचं पाणी घालून फ्रिजमध्ये ठेवलं तर ते तासन् तास खोलीच्याच तापमानाला राहील. भांडं गरम आणि गार यात भेदभाव करत नाही. आधीच फ्रिजमधलं पाणी घ्या: ८०० मिलीला ७० ग्रॅम, चौदा तास, मग दाबून लगेच दुसऱ्या बाटलीत.

साफसफाईवर लिहितो, कारण बहुतेक "प्रेसची कॉफी खवट लागते" तक्रारींचं मूळ तिथे आहे. दट्ट्याला तीन चकत्या असतात: वरची स्प्रिंगच्या कडेची, मधली जाळी, खालची भोकांची. त्या रोज नुसत्या नळाखाली धरल्या तर जाळी आणि चकतीच्या मधे तेल साचून खवट होतं. रोज साबणाने, आठवड्यातून एकदा तिन्ही सुट्या करून. लिटरभर कडकडीत पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा, त्यात चकत्या आणि भांडं अर्धा तास. हातमोजे घाला. खाण्याच्या सोड्याने तेल तितकं सुटत नाही. बोअरच्या किंवा आमच्या इकडच्यासारख्या जड पाण्याचा पांढरा थर मात्र सोड्याने जात नाही, त्याला लिंबूसत्व: लिटर कोमट पाण्याला दोन चमचे, वीस मिनिटं. सोडा आणि लिंबूसत्व एकत्र घालू नका, दोन्ही एकमेकांना मारतात. तारेची घासणी नको. क्लोरीनचं ब्लीच तर मुळीच नको, त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात. आतला तपकिरी रंग राहिला तर राहू दे. बोट फिरवल्यावर चिकट लागत नसेल तर तो निरुपद्रवी.

उंटावरचा_शहाणा

जाळी फाटली तर कुठलीही सुटी मिळते का?

गाळणी

काचेच्या लिटरच्या प्रेसना मिळते, स्टीलच्यांचे व्यास कंपनीगणिक वेगळे. म्हणून घेतानाच दोन जाळ्या जास्तीच्या येतात का ते बघा. मापून घ्यायची असेल तर भांड्याचा आतला व्यास वर नको, दट्ट्या जिथे थांबतो त्या उंचीवर मोजा. पुष्कळ भांडी खाली किंचित निमुळती असतात. जाळी त्यापेक्षा दोन-तीन मिलीमीटर मोठी हवी, म्हणजे कड वर वळून भिंतीला घासते. मधल्या भोकाचा व्यासही मोजा, दांड्याचे आटे सगळीकडे सारखे नसतात. बसवताना जाळीची वळलेली कड वरच्या बाजूला, आणि नट बोटाने घट्ट. पकड वापरलीत तर आटे जातील.